पुलावर न चढलेल्या बायका

"आधी खाडी दाखव," ताई म्हणायच्या आणि टेबलावरचा नकाशा दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायच्या.

उत्तर वर, दक्षिण खाली, हे तुम्हाला-मला शाळेत शिकवलेलं. ताईंना ते मान्य नव्हतं. खाडी पायाशी आणि डोंगर डोक्याशी आला की मगच त्या चष्मा लावायच्या. "मानूस घरातनं निघतो तो खाडीकडं पाठ करून. मग नकाशा पन तसाच पायजे ना?" कॉम्प्युटरचा स्क्रीन काही फिरवता येत नाही, म्हणून त्या त्याच्यापुढे मान वाकडी करून उभ्या राहायच्या. शेवटी कोणीतरी त्यांना नकाशा फिरवायचं बटण शिकवलं. त्यांना येणारं ते एकच बटण. त्या उठून गेल्यावर दुसरं कोणी तिथे बसलं की त्याला अख्खी नवी मुंबई आडवी पडलेली सापडायची.

शहरातली वाहतूक आणि हवा यांचा अभ्यास करणारं आमचं छोटं ऑफिस सीवूड्सला आहे. माणसं कुठून कुठे जातात, ट्रक कुठे तुंबतात, धूळ कुठे बसते, ते सगळं नकाशावर मांडायचं आणि त्याचा अहवाल करून द्यायचा, हे आमचं काम. ताई फिल्डवर असायच्या. वय पन्नाशीचं, खाडीकाठच्या गावातल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर आता एक सेक्टर उभा आहे. त्यांना काम करायची तशी गरज नव्हती. विचारलं तर म्हणायच्या, "घरी बसून शिरियल बगू? त्यातल्या बायकांना मी वळखत नाय. रस्त्यावरच्या तरी वळखते."

मी कामावर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कुठली गो?"

"सानपाडा," मी म्हणाले.

"सानपाडा नकाशात हाय. तू कुठली?"

मी हसले आणि बॅग ठेवायला जागा शोधू लागले.

मी सानपाड्याची नव्हतेच. फॉर्मवर मावशीचा पत्ता लिहिला होता. मी तुर्भ्याच्या वस्तीतली. बाप जालन्याकडून आला आणि डोंगरावरच्या खाणीत खडी फोडायला लागला. खाण बंद झाली तोवर त्याची छाती धुळीने भरून गेली होती. नंतरची वर्षं तो दारातल्या खाटेवर बसून खोकला. घर आईने चालवलं. रस्त्यापलीकडच्या कारखान्यांपैकी एका प्लास्टिकच्या कंपनीत ती बादल्या पॅक करायची. आमचं घर दहा बाय दहाचं, वर पत्रा. पोटमाळ्यावर ताठ बसता यायचं नाही, म्हणून मी पालथी पडून अभ्यास केला. बारावीपर्यंतचा माझा सगळा अभ्यास कोपरांवर झाला आहे, अजून तिथली कातडी काळी आहे. भूगोल घेऊन पदवी मिळवली, मग नकाशांच्या सॉफ्टवेअरचा डिप्लोमा केला. आमच्या घरात, आणि आईच्या नि बापाच्या दोन्ही गावांकडच्या भावकीत, कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. लपवला तो पत्ता.

ताईंच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट असायची. एसीच्या बंद खोलीत तो डबा उघडला की साहेब केबिनमधून बाहेर यायचे. साहेब म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण कायम कोणीतरी मोठं येणार असल्यासारखा वावरायचा.

"ताई, क्लायंट येणारेत आज. हा वास..."

"साहेब, हवेचा अभ्यास करतो ना आपन? मग हवेत काय हाय ते लिवा की." आणि मला म्हणायच्या, "घे गो, खा. तुझ्या पिझ्झ्यात काटा नसतो म्हनून तुमची पिढी अशी सरळ गिळते."

फिल्डवर त्यांच्या स्कूटरच्या पुढच्या पाटीवर धूळ मोजायचं यंत्र बांधलेलं असायचं. तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेत त्या तासन्‌तास उभ्या राहायच्या. ड्रायव्हर वरून विचारायचे, "काय मोजता काकी?"

"धूळ."

"मग थोडी घेऊनच जावा ना!"

"नेतेय ना बाबा, रोज नेतेय," असं म्हणून त्या छातीवर हात ठेवायच्या. ड्रायव्हर हसायचे, मीही हसायचे. मोजणी झाली की यंत्रावर घालायला, त्याला धूळ लागू नये म्हणून, कापडी कव्हर होतं. ताईंच्या तोंडावर नुसती ओढणी होती. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एकदा त्यांच्याबरोबर मी आमची वस्ती आणि कारखाने यांच्यामधला तो ट्रकांचा रस्ता ओलांडला. रस्त्याच्या मध्ये लोखंडी जाळी होती आणि एका जागी कोणीतरी ती कापून माणूस जाईल एवढी फट केली होती. आमच्या वस्तीत त्या फटीला फाटक म्हणायचे. तिथे फाटक कधीच नव्हतं. मी आपली मुकाट्याने गेले, तर पलीकडे पोचल्यावर ताई ओढणी बाजूला करून माझ्याकडे बघत उभ्या.

"तू ट्रकच्या चाकाकडं बगतेस."

"म्हणजे?"

"भायेरचा मानूस डायवरच्या तोंडाकडं बगतो. थांबंल का, नाय थांबनार. हितली मानसं चाकाकडं बगतात. चाक खोटं बोलत नाय." एवढं बोलून त्यांनी स्कूटर चालू केली. सानपाड्याचं त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सगळं कळलेलं असतं, पण ते तुमच्या हातात ठेवायची घाई त्यांना नसते.

आता माझी चूक सांगते.

त्या रस्त्याचा अहवाल करायचं काम महापालिकेकडून आमच्याकडे आलं होतं. प्रश्न साधा होता. पुढे थोड्या अंतरावर पादचाऱ्यांसाठी पूल बांधलेला आहे. लोक तो वापरतात का? वापरत असतील तर जाळीतली फट कायमची बंद करायची, म्हणजे ट्रक अडणार नाहीत. ताईंनी वस्तीतल्या वीस बायकांना तयार केलं. या बायका कारखान्यात जायच्या. त्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकलं आणि एक आठवडा त्या कुठून कुठे चालतात याचे ठिपके आमच्याकडे जमा झाले. बायका घाबरत होत्या, नवऱ्याला कळेल का, कंपनीला कळेल का. ताई दारोदार बसून चहा प्यायल्या तेव्हा कुठे एकेक जण हो म्हणाली.

ठिपके माझ्याकडे आले. फोनचे ठिपके कधीच नेमके नसतात. एखादा गटारात पडतो, एखादा गोदामाच्या छपरावर. म्हणून ते साफ करायचे असतात. सॉफ्टवेअरला सांगायचं की पायी जायच्या अधिकृत वाटा एवढ्याच आहेत, जो ठिपका वाटेवर नाही तो उचलून जवळच्या वाटेवर बसव. आणि रस्ता ओलांडायची अधिकृत वाट एकच होती. पूल.

मी बटण दाबलं. वीसही बायका पूल चढल्या.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. बटण दाबण्याआधी ते ठिपके मी पाहिले होते. मुंग्यांच्या रांगेसारखे ते सरळ रस्त्यात उतरत होते आणि एका जागी अरुंद होत होते. ती जागा मला डोळे मिटूनही सापडली असती. पण कॉलेजात शिकवलं होतं की वाटेबाहेरचा ठिपका म्हणजे चूक. आणि मी नुकतीच शिकलेली होते, मला चुका काढायच्या होत्या. खरं सांगायचं तर, तो नकाशा स्वच्छ झाल्यावर मला बरं वाटलं.

साहेबांना तर फारच बरं वाटलं. "बघ, पूल फुल्ल वापरात आहे. टेन्शनच संपलं." अहवाल गेला. फट बंद करावी, अशी आमची शिफारस.

ताईंनी तो नकाशा चार दिवसांनी पाहिला, छापलेला, भिंतीवर लावलेला. भिंतीवरचा नकाशा फिरवता येईना, म्हणून मान वाकडी करून त्या बराच वेळ उभ्या होत्या.

"या बायका पूल कवा चढल्या?"

"सॉफ्टवेअरने बसवलंय ते, ताई. ठिपके इकडेतिकडे पडतात ना, म्हणून..."

"सॉफ्टवेअर चढलं असंल. त्याला गुडघे नसतात."

मी मान खाली घालून टायपिंग करत राहिले. त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "फट बंद केली म्हनून बायका जायच्या थांबनार नाय. जाळीवरनं उडी टाकतील. साडी अडकंल. मागनं ट्रक. तू इचार करून सांग मला, तुझ्या नकाशात ते कुठं दिसंल?"

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "फायनल झालंय ते. आता जाऊन चुकलो म्हणायचं? पुढचं काम कोण देईल आपल्याला? आणि प्रूफ काय तुझ्याकडे?" हे सगळं ते माझ्याकडे न बघता बोलले. त्यांनाही झोप लागली नसेल, असं आता वाटतं. तेव्हा नाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीच्या वेळेला ताईंनी मला फाटकापाशी उभं केलं. हातात कागद, पेन. "कॉम्प्युटर नको. डोल्यांनी मोज. फटीतनं जाईल त्याची इकडं रेघ, पुलावरनं जाईल त्याची तिकडं."

सातच्या सुमाराला बायका यायला लागल्या. पाचपाच, सहासहा. प्लास्टिकच्या पिशव्या, डबे, कमरेला ओढणी घट्ट. मी रेघा ओढत होते. पाच रेघांची एक जुडी, पुन्हा जुडी. डावीकडची बाजू भरून कागद उलटला. उजवीकडे एक रेघ, तीही एका माणसाची, जो पुलावर सिग्रेट ओढायला गेला होता आणि याच बाजूला परत उतरला. तो धरायचा की नाही यावर ताई आणि मी थोडं भांडलो.

आणि मग समोरच्या घोळक्यातून आवाज आला, "आगं! तू इथं काय करायलीस?"

आई. एका हाताने चालत्या ट्रकला थोपवल्यासारखं करत, नजर चाकावर, ती माझ्याकडेच येत होती. अंगावर कंपनीचा निळा कोट. तिला वाटायचं मी दिवसभर एसीत बसते. तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना तसंच सांगितलेलं.

मी काय करायचं होतं? ताई शेजारी उभ्या होत्या. मी पेन घट्ट धरून कागदाकडे बघत राहिले. आईच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तिला कळतंय, आपण हाक मारायला नको होती. ते मी अजून विसरलेले नाही.

ताईच पुढे झाल्या. "वयनी, तुमची पोर माझ्यासंगं कामाला हाय. लई हुशार. जरा चुकते, पन हुशार."

"चुकते का?" आईने काळजीने विचारलं. "शिकलेली हाय ओ ती."

"म्हनून तर."

आई हसली, मला म्हणाली, "उन्हात डोक्याला बांध काहीतरी," आणि पाळीला उशीर होतो म्हणून निघून गेली. ताईंनी माझ्या हातातला कागद घेतला. आईच्या वेळची रेघ मी ओढलीच नव्हती. ती त्यांनी ओढली.

परत येताना स्कूटरवर मी त्यांच्या पाठीशी बसून सगळं सांगितलं. खाण, पोटमाळा, मावशीचा पत्ता. वाऱ्यात त्यांना किती ऐकू गेलं माहीत नाही. सिग्नलला थांबल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्याकडं सांगून काय होनार? माझी शिफारस कोन वाचतो?"

पुढच्या आठवड्यात बैठक होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, समोर महापालिकेचे तीन अधिकारी. ताईंना साहेबांनी आणलं नव्हतं, त्या स्वतःच आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. फट बंद करायचा विषय निघाला. साहेबांनी भिंतीवर आमचा स्वच्छ नकाशा दाखवला. मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं ताई उठतील, सुकटीच्या डब्यावरून बोलायच्या त्या आवाजात काहीतरी सुनावतील आणि मी वाचेन. त्यांनी ओढणी नीट केली आणि छताकडे बघत बसल्या. त्या बोलणार नव्हत्या.

मी उभी राहिले. म्हणाले, "सर, हा नकाशा चुकीचा आहे. मी केलेला आहे. ठिपके रस्त्यावरून सरळ जात होते, मी ते पुलावर बसवले. हे मूळचे ठिपके, आणि ही सकाळच्या पाळीची हाताने केलेली मोजणी."

एका अधिकाऱ्याने कागद पाहिला. "मॅडम, एका सकाळच्या मोजणीवर काय सांगणार? रोज असंच असतं कशावरून?"

"माझी आई रोज तिथून जाते," मी म्हणाले. "कंपनीत. मी शाळेत तिथूनच गेले, कॉलेजातही. मी तुर्भ्याच्या वस्तीतली आहे. पुलापर्यंत चालून, जिने चढून-उतरून परत मागे येऊन पाळी गाठायची तर वीस मिनिटं आधी निघावं लागतं, आणि त्या वेळात आमच्याकडे पाणी येतं. फट बंद केली तर बायका जाळीवरून जातील."

साहेब बाटलीचं झाकण उघडत-लावत होते. मग दुसरे अधिकारी, जे आतापर्यंत फोनमध्ये होते, त्यांनी विचारलं, "पाणी किती वाजता येतं?" मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. एवढंच. टाळ्या वगैरे काही नाही. सगळा रस्ता आणखी दोनदा मोजायचा असं ठरलं आणि चहा आला.

साहेब माझ्याशी तीन आठवडे कामापुरतंच बोलले. काढलं मात्र नाही. मला वाटतं, तो जुना नकाशा भिंतीवरून त्यांनीच उतरवला.

असल्या कामांत पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पुन्हा मोजणी, पुन्हा अहवाल. अधिकारी बदलले, नव्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. फट बंद करायचं थांबलं, पण तिथे माणसांसाठी सिग्नल द्यायचा की नाही हे काही ठरेना. ट्रकवाल्यांची हरकत आली. मग विजेच्या खांबाची जागा कोणाची, यावर पत्रं फिरली. मी तोच नकाशा इतक्या वेळा पुन्हा काढला की शेवटी मला त्याचा कंटाळा आला. सकाळी स्क्रीन लावला की तो रस्ता समोर यायचा आणि मला पाच मिनिटं हात हलवावासा वाटायचा नाही. शिकलेला माणूस थकत नाही, असं आईला वाटतं. मी तिला कधी सांगितलं नाही.

या सगळ्यात ताईंना खोकला लागला आणि तो वाढत गेला. आधी त्या हसण्यावारी न्यायच्या. मग स्कूटर थांबवून खांबाला धरून उभ्या राहायला लागल्या. मला तो खोकला ओळखीचा होता. दारातल्या खाटेवरून तो मी लहानपणभर ऐकला होता. डॉक्टरांनी रस्त्यावरचं काम बंद सांगितलं. मुलाने करंजाड्याला फ्लॅट घेतला होता, तो त्यांना तिकडे घेऊन गेला. निरोपाचा केक वगैरे झाला नाही. त्या एका शुक्रवारी आल्या, धुळीचं यंत्र पुसून, कव्हर घालून कपाटात ठेवलं आणि गेल्या. फिल्डवरच्या माणसांना आमच्याकडे टेबल-खुर्ची नसते. त्यामुळे त्यांची जागा रिकामी झाली हे कोणाला दिसलंही नाही. मलाच दुसऱ्या आठवड्यात कळलं, बसल्या जागी सगळे नकाशे सरळ सापडायला लागले तेव्हा.

गेल्या महिन्यात मी त्यांना फोन केला. "ताई, सिग्नल बसला. चालू झाला."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. "मानसांचा?"

"माणसांचा. हिरवा माणूस दिसतो चालताना."

"किती टाइम देतो?"

"तीस सेकंद. मी पंचेचाळीस मागितले होते."

"तिसात म्हातारी पोचंल का?"

"पोचते. मी उभी राहून बघितलं."

"किती दिवस बगितलंस?"

"चार. सकाळी आणि संध्याकाळी."

"मग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "मी नाय येत गो बगायला. दोन जिने उतरले की दम लागतो. तू सांगितलंस ना, तेवढं पुरे."

तुम्ही या, मी रिक्षा पाठवते, असं काहीतरी मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ठेव आता, कामं कर," आणि त्यांनीच फोन ठेवला.

ऑफिसातल्या भरतीच्या फॉर्मवर मी माझा पत्ता बदलून घेतला आहे. शहराच्या पायवाटांच्या नकाशात, जो आता आमच्याकडूनच सगळीकडे जातो, तुर्भ्याच्या त्या जागी रस्ता ओलांडणारी एक अधिकृत रेघ आहे. जाळी तिथे नीट कापून, कडा घासून, दोन्ही बाजूंना उतार केला आहे. सकाळी सातला बायका येतात, हिरवा होईपर्यंत थांबतात आणि जातात. त्यांत माझी आई असते. ट्रक थांबलेले असतात.